घर, उंबरठा, सरहद्द : झरीना यांची मुद्राचित्रे आणि विस्थापनाचा इतिहास

१९४७ च्या फाळणीने उपखंडातील सुमारे सव्वा ते दीड कोटी माणसे आपल्या घरादारातून उठवली, असे इतिहासकार मानतात. या घटनेचा अभ्यास आपल्याकडे मुख्यतः दोन साधनांच्या आधारे होत आला आहे. एक साधन म्हणजे सरकारी कागदपत्रे, दुसरे म्हणजे साहित्य. मंटो, कुर्रतुल ऐन हैदर, इंतिजार हुसैन, अमृता प्रीतम ही नावे उर्दू-पंजाबीच्या कोणत्याही प्राध्यापकाच्या तोंडी असतात. चित्रकलेकडे, आणि त्यातही मुद्राचित्रकलेकडे, इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. ज्या मुद्राचित्रांत ना माणूस दिसतो, ना जळते घर, ना बैलगाड्यांचा काफिला; दिसते ती फक्त एखादी रेघ, एखादा चौकोन आणि त्याखाली एक उर्दू शब्द, अशी चित्रे तर इतिहासाच्या वर्गात आणण्याचा विचारही मनात येत नाही.

झरीना हाश्मी (१९३७–२०२०) यांची मुद्राचित्रे नेमकी अशीच आहेत. कलाजगतात त्यांनी केवळ 'झरीना' एवढेच नाव लावले. त्यांच्या चित्रांतील काटकसर ही इतिहासापासून घेतलेली फारकत आहे की इतिहास नोंदवण्याची वेगळी रीत आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ कलासमीक्षेचा नाही. विस्थापनाचे दुःख पुढच्या पिढीला सांगायचे तर ते किती शब्दांत, कोणत्या लिपीत आणि कोणासमोर सांगायचे, हा शिक्षकांपुढचा रोजचा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

१. अलिगढचे घर

झरीना यांचा जन्म १६ जुलै १९३७ रोजी अलिगढ येथे झाला. वडील शेख अब्दुर रशीद हे अलिगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. विद्यापीठाच्या परिसरातले घर, पुस्तके, अंगण, उन्हाळ्याच्या लांबलचक दुपारी आणि थोरली बहीण राणी हे त्यांचे बालपणीचे जग होते. फाळणी झाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. अलिगढ भारतातच राहिले. तथापि शहर जागेवर राहिले म्हणून त्यातली माणसेही जागेवर राहतात, असे होत नाही. नातेवाईक, शेजारी, वर्गमैत्रिणी एकेक करून सीमेपलीकडे गेल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस झरीना यांचे आईवडीलही कराचीला स्थायिक झाले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कायद्याच्या काटेकोर अर्थाने झरीना या निर्वासित म्हणून जगल्या नाहीत. १९५८ मध्ये त्यांनी अलिगढ विद्यापीठातून गणित विषयात बी. एस्सी. केले. परराष्ट्र सेवेत असलेल्या साद हाश्मी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पतीच्या बदल्यांबरोबर बँकॉक, पॅरिस, बॉन, टोकियो, दिल्ली अशी त्यांची भ्रमंती सुरू झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या न्यूयॉर्कला गेल्या. १९७७ मध्ये पतीचे निधन झाले. पुढची सुमारे चार दशके त्यांचे वास्तव्य मुख्यतः न्यूयॉर्कमध्येच होते. २५ एप्रिल २०२० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

छावणीतल्या निर्वासिताचे जिणे आणि राजनैतिक अधिकाऱ्याच्या पत्नीचे जिणे यांत फार मोठे अंतर आहे आणि ते पुसून टाकणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. मात्र परतीची वाट बंद होणे हा अनुभव दोघांनाही समान असू शकतो. मायदेश सोडून गेलेल्या माणसाला मागे घर असते. झरीना यांच्या मागे देश होता, पण त्यातले घर राहिले नव्हते. आईवडील ज्या गावी आहेत ते गाव परक्या देशात, आणि ज्या गावी जन्म झाला तेथे आता कोणी नाही, अशी ही स्थिती. उपखंडातील हजारो मुस्लिम कुटुंबांना ती ओळखीची आहे. दंगलीच्या आकडेवारीत ती येत नाही, कारण तेथे कोणी मारले गेलेले नसते. घर हळूहळू रिकामे झालेले असते.

या संदर्भात शब्दांकडेही लक्ष दिले पाहिजे. मराठीत आपण 'निर्वासित' म्हणतो, म्हणजे ज्याचा वास हिरावला गेला तो. हिंदीत 'शरणार्थी', म्हणजे जो आश्रय मागतो तो. उर्दूत 'मुहाजिर', म्हणजे ज्याने हिजरत केली तो. पहिल्या शब्दात गमावणे आहे, दुसऱ्यात मागणे आहे, तिसऱ्यात जाणे आहे. जो गेला नाही, ज्याने काही मागितले नाही, तरीही ज्याचे घर गेले, त्याच्यासाठी या तीनही शब्दांत जागा अपुरी पडते. झरीना यांची चित्रे त्या अपुऱ्या जागेत उभी आहेत.

२. ठशाचे तंत्र आणि त्याचा अर्थ

मुद्राचित्रकलेचे पहिले धडे झरीना यांनी बँकॉकमध्ये घेतले. लाकडी ठशाच्या छपाईशी त्यांची ओळख तेथे झाली. १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या प्रसिद्ध 'आतेलिए १७' या कार्यशाळेत त्यांनी काम केले. १९७४ मध्ये टोकियोत तोशी योशिदा यांच्याकडे त्यांनी जपानी लाकूडठशाचे तंत्र शिकून घेतले. गणिताच्या या पदवीधर विद्यार्थिनीला भूमितीची आणि वास्तुरचनेची ओढ आधीपासून होतीच. न्यूयॉर्कमध्ये त्या स्त्रीवादी कलाचळवळीत सहभागी झाल्या, तेथे त्यांनी कागद बनवण्याचे शिक्षणही दिले. १९८० मध्ये ए.आय.आर. या स्त्री-कलाकारांच्या गॅलरीत अमेरिकेतील 'तिसऱ्या जगा'तल्या स्त्री-कलाकारांचे एक प्रदर्शन भरले. अॅना मेंडिएटा आणि काझुको मियामोतो यांच्यासह त्याच्या आयोजनात झरीना यांचा वाटा होता. मेंडिएटा या स्वतः क्यूबातून बालपणी निर्वासित होऊन अमेरिकेत आलेल्या होत्या, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

लाकडी ठशाचे, म्हणजे वुडकटचे, तत्त्व साधे आहे. सपाट फळीवर जो भाग तसाच ठेवला जातो त्याला शाई लागते आणि तो कागदावर उमटतो. जो भाग कोरून काढला जातो तो कोरा राहतो. म्हणजेच पांढऱ्या कागदावर एक काळी रेघ हवी असेल तर रेघ कोरून भागत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचे सगळे लाकूड खरवडून काढावे लागते.

हे तंत्र ध्यानात घेऊन झरीना यांचे 'डिव्हायडिंग लाइन' (२००१) हे चित्र पाहावे. चित्रात एकच वेडीवाकडी काळी रेघ आहे. ती भारत-पाकिस्तान सीमेची आहे, सामान्यतः रॅडक्लिफ रेषा म्हणून ओळखली जाणारी. गावांची नावे नाहीत, नद्या नाहीत, दिशादर्शक बाण नाही. रेघेच्या भोवती कोरणीच्या हत्याराचे बारीक ओरखडे तेवढे उमटले आहेत. ही सीमा उमटावी म्हणून दोन्ही बाजूंची जमीन कोरून टाकावी लागली आहे. दोन्हीकडची भूमी पोखरली गेली तेव्हा कोठे मधली रेघ ठसठशीत उरली. १९४७ मध्ये जे घडले त्याचे याहून थोडक्यात वर्णन करणे अवघड आहे, आणि ते वर्णन कोणत्याही वाक्यात नाही. ते काम करण्याच्या पद्धतीतच आहे.

इतिहासाच्या शिक्षकाने या चित्राशेजारी काही तारखा ठेवाव्यात. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. पंजाब आणि बंगाल या दोन प्रांतांच्या विभागणीसाठी त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. निवाडा प्रसिद्ध झाला तो १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र झाल्यानंतर. आपले गाव कोणत्या देशात आहे हे ठाऊक नसताना लाखो लोकांनी स्वातंत्र्याचा दिवस पाहिला. ही सीमा काढायला आपल्याला नकाशा लागत नाही, ती काळजावर कोरलेली आहे, अशा आशयाचे उद्गार झरीना यांनी या चित्रासंबंधी काढले होते. रॅडक्लिफ यांनी नकाशे आणि जनगणनेचे तक्ते समोर ठेवून जी रेघ पाच आठवड्यांत ओढली, ती या स्त्रीने सुमारे अर्ध्या शतकानंतर हाताने कोरली.

मुद्राचित्राचे आणखी एक वैशिष्ट्य विस्थापनाशी जुळणारे आहे. तैलचित्र एकच असते आणि ते भिंत मागते. मुद्राचित्राच्या अनेक प्रती निघतात, त्या एका पेटीत मावतात आणि पेटी उचलून नेता येते. ज्याला स्वतःची भिंत नाही त्याच्यासाठी ही सोयीची कला आहे. कागदाविषयीही हेच म्हणता येईल. झरीना यांना हातकागदाचे विलक्षण प्रेम होते. भारतीय, नेपाळी, जपानी कागद त्यांनी आयुष्यभर वापरले. १९७७ च्या सुमारास त्यांनी शाई बाजूला ठेवून कोऱ्या कागदाला फक्त सुईने टोचून चित्रे केली. आपल्याकडे सांगानेर किंवा दौलताबादजवळचे कागजीपुरा येथील कागजी कारागिरांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकांना कागद ही केवळ पृष्ठभूमी नसते, हे सांगायला नको. कागजीपुऱ्याची परंपरा चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्या काळाशी जोडली जाते. म्हणजे तो कागदही एका स्थलांतराचीच आठवण आहे.

३. छत्तीस शब्दांचे घर

१९९० च्या दशकात घर हाच झरीना यांच्या कामाचा गाभा झाला. 'फादर्स हाऊस' या १९९४ च्या अम्लरेखनात, म्हणजे एचिंगमध्ये, वडिलांच्या घराचा आराखडा आहे आणि त्यात जागोजागी उर्दूत नोंदी आहेत. 'होम्स आय मेड / अ लाइफ इन नाइन लाइन्स' (१९९७) या मालिकेत लग्नानंतर ज्या ज्या शहरांत संसार मांडला तेथील घरांचे आराखडे आहेत. घराचा दर्शनी भाग, खिडक्या, झाडे काही नाही; वरून पाहिल्यावर दिसणाऱ्या भिंतींच्या रेघा तेवढ्या आहेत. घर सोडून गेलेला माणूस डोळे मिटून घर आठवतो तेव्हा भिंतीचा रंग त्याला कदाचित आठवणार नाही. पण कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जायचे हे पाय विसरत नाहीत. आराखडा ही पायांची आठवण आहे.

या विचाराचा परिपाक म्हणजे 'होम इज अ फॉरेन प्लेस' (१९९९) ही छत्तीस लाकूडठशांची मालिका. तिची निर्मितीप्रक्रिया उर्दूच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाची वाटेल. झरीना यांनी आधी शब्दांची यादी केली, ती पाकिस्तानातील एका खुशनवीसाकडून नस्तालिकमध्ये लिहवून घेतली आणि मग एकेका शब्दासाठी चित्र रचले. घर, उंबरठा, दार, अंगण, भिंत, आकाश, अंतर, प्रवास, भाषा, काळ, सरहद्द अशा अर्थांचे हे शब्द आहेत. चित्र आधी आणि मथळा नंतर, हा नेहमीचा क्रम येथे उलटा आहे. शब्द हे मूळ, चित्र हा त्याचा तर्जुमा. घराच्या शब्दापासून सुरू होणारी ही यादी जसजशी विस्तारते तसतसे घर म्हणजे चार भिंती नव्हेत, तो एक शब्दसंग्रह आहे, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येते. उर्दू हेच आपले घर, असे झरीना सांगत असत. त्याचा अर्थ येथे उलगडतो.

मराठी वाचकासाठी यात आणखी एक गंमत आहे. झरीना यांच्या जगातले कितीतरी शब्द मराठी माणूस रोज वापरतो. जमीन, दरवाजा, रस्ता, नकाशा, कागद, सरहद्द, मुलूख हे शब्द फारसी-अरबी मार्गाने मराठीत आले आणि येथेच रुळले. शिवकालीन आणि पेशवेकालीन दप्तरांत ते सर्वत्र आढळतात. उलट 'घर' हा शब्द उर्दूने भारतीय मातीतून घेतला आहे आणि तो मराठीतही तोच आहे. ज्या भाषेला फाळणीनंतर एका देशाची आणि एका धर्माची म्हणून बाजूला सारण्यात आले, तिच्यातल्या घराचे नाव आणि मराठीतल्या घराचे नाव एकच असावे, ही गोष्ट वर्गात फळ्यावर लिहून दाखवण्यासारखी आहे.

या मालिकेनंतर आलेली 'लेटर्स फ्रॉम होम' (२००४) ही आठ चित्रांची मालिका अधिक खासगी आहे. बहीण राणी पाकिस्तानात होती. आईवडिलांचे मृत्यू, घराची विक्री, एकटेपणा अशा प्रसंगी तिने झरीना यांना उर्दूत पत्रे लिहिली, पण ती टपालात टाकली नाहीत. पुढे ती झरीना यांच्या हाती आली. या पत्रांचा मजकूर ठशात घेऊन त्यावर घराचे आराखडे आणि नकाशे छापलेले आहेत. काही ठिकाणी अक्षरे रेघांखाली झाकली जातात, वाचता येत नाहीत. दुःखाचा मजकूर समोर असावा पण तो उघडा पडू नये, ही मर्यादा येथे पाळली आहे. साहित्यात जे काम मौन करते ते येथे काळा ठसा करतो.

४. शहर-आशोब आणि नऊ शहरे

झरीना यांचे काम केवळ स्वतःच्या कुटुंबापुरते राहिले असते तर त्याला आत्मचरित्र म्हणून थांबता आले असते. २००३ मध्ये त्यांनी नऊ लाकूडठशांची एक मालिका केली. तिचे इंग्रजी शीर्षक अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच यांच्या गालिबला वंदन करणाऱ्या रचनांतून घेतलेले आहे. रानात मिसळून गेलेली शहरे, असा त्याचा आशय. ग्रोझनी, सारायेवो, स्रेब्रेनित्सा, बैरूत, जेनिन, बगदाद, काबूल, अहमदाबाद आणि न्यूयॉर्क ही ती शहरे. प्रत्येक चित्रात शहराच्या नकाशाच्या काही रेघा आणि उर्दूत शहराचे नाव आहे. न्यूयॉर्कसाठी नकाशाही नाही. काळ्यावर दोन उभ्या रेघा आहेत. ११ सप्टेंबर २००१ ला कोसळलेले मनोरे ओळखायला तेवढ्या पुरतात.

कलासमीक्षक या मालिकेचे नाते बहुधा पाश्चात्त्य मिनिमलिझमशी, म्हणजे किमान साधनांत काम करणाऱ्या १९६० च्या दशकातील अमेरिकन प्रवाहाशी, जोडतात. ते चुकीचे नाही. परंतु त्या प्रवाहातील अनेकांचा आग्रह चित्राबाहेरच्या कशाचाही निर्देश चित्रात नसावा असा होता. चौकोन हा चौकोनच. झरीना यांचा चौकोन मात्र अंगण असतो आणि रेघ सरहद्द असते. त्यामुळे या नऊ शहरांचे दुसरे गोत्र उर्दूच्या परंपरेत शोधावे लागते. ते गोत्र म्हणजे शहर-आशोब.

शहर उजाड झाल्याचा शोक मांडणारा हा काव्यप्रकार अठराव्या शतकात, मोगल सत्तेच्या उतरणीच्या आणि दिल्लीवरील वारंवारच्या स्वाऱ्यांच्या काळात उर्दूत बहरला. सौदा आणि मीर यांच्या रचना सर्वपरिचित आहेत. मीर स्वतः १७८२ मध्ये दिल्ली सोडून लखनौला गेले. १८५७ नंतर दिल्लीच्या विध्वंसावर अनेक कवींनी लिहिले आणि १८६३ मध्ये 'फुगान-ए-देहली' हा संग्रह प्रसिद्ध झाला. गालिब यांची पत्रे हे त्याच शोकाचे गद्य रूप. शहर-आशोबाची रीत मात्र विस्ताराची आहे. त्यात सैनिक, कारागीर, व्यापारी, कवी अशा एकेका वर्गाच्या दुर्दशेची यादी असते. झरीना यांनी परंपरेतला शोक ठेवला आणि यादी काढून टाकली. शेराच्या दोन ओळींत जसे सगळे सामावते, तसे एका नावात आणि चार रेघांत शहर सामावले.

यातील अहमदाबादचे स्थान विशेष आहे. २००२ च्या हिंसाचारानंतर तेथील हजारो कुटुंबे मदत छावण्यांत राहिली. ते विस्थापन देशाच्या आतले होते, त्याला सीमा ओलांडावी लागली नाही. अहमदाबाद हे नाव सारायेवो आणि ग्रोझनीच्या ओळीत ठेवून झरीना यांनी आपल्या घरातली गोष्ट जगाच्या दफ्तरात नोंदवली. आणि त्याच ओळीत न्यूयॉर्क ठेवून दुःखाची वाटणी धर्मानुसार होऊ दिली नाही. आयुष्याच्या शेवटच्या दशकात सीरियातून आणि म्यानमारमधून परागंदा झालेल्या लोकांकडेही त्यांचे लक्ष वळले. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ च्या अखेरीस जगातील सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या बारा कोटींच्या वर होती. १९४७ ची ती रेघ एकटी राहिलेली नाही.

५. दोन समकालीन

किमान साधनांची ही वाट झरीना यांनी एकट्याने चोखाळली असे नाही. तुलनेसाठी दोन नावे पुरेशी आहेत.

सोमनाथ होर (१९२१–२००६) यांचा जन्म चितगाव जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी भुकेल्या माणसांची रेखाटने केली. फाळणीनंतर जन्मगाव परदेशात गेले. १९७० च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी 'वूंड्स', म्हणजे जखमा, ही मालिका केली. ओल्या कागदी लगद्यावर ठशाचा दाब देऊन उमटवलेली ही चित्रे बहुतांशी पांढऱ्यावर पांढरी आहेत. शाई जवळजवळ नाहीच. कागद फाटल्यासारखा, भाजल्यासारखा दिसतो. दुष्काळाची माणसे काढून झाल्यावर होर यांनी माणूस काढणे थांबवले आणि फक्त जखम ठेवली.

दुसरे नाव नसरीन मोहमदी यांचे. झरीना यांच्याच वयाच्या, १९३७ मध्ये कराचीत जन्मलेल्या नसरीन यांचे कुटुंब फाळणीपूर्वीच मुंबईला आले. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शिकवली. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची पेन्सिल-शाईची रेखाटने झरीना यांच्याहूनही निरपेक्ष आहेत, त्यात शब्द नाही, नकाशा नाही, शीर्षकही बहुधा नाही. तिघांनाही एकाच शब्दात 'मिनिमलिस्ट' म्हणणे सोयीचे असले तरी होर यांनी देह ठेवला, नसरीन यांनी रेघ ठेवली आणि झरीना यांनी शब्द ठेवला, हा फरक विसरता कामा नये.

६. आक्षेप आणि मर्यादा

या कामावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. छावणीत चिखलात झोपणाऱ्या माणसाचे दुःख सुबक काळ्या चौकोनात बसवले की ते देखणे होते. ते मोठ्या संग्रहालयांच्या भिंतीवर लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि आधुनिक कला संग्रहालयांत ही चित्रे आहेत, २०११ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात रणजित होस्कोटे यांनी मांडलेल्या पहिल्या भारतीय दालनातही झरीना यांचे काम होते. पाहणारा क्षणभर हळहळतो आणि पुढे जातो. शिवाय नऊ शहरे एकाच आकारात आणि एकाच काळ्या रंगात दाखवली की कोणी कोणाला मारले, का मारले, हा इतिहास पुसला जातो.

हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येणार नाही. ही चित्रे पुरावा देत नाहीत, गुन्हेगाराचे नाव घेत नाहीत. त्यांच्यावर विसंबून कोणी इतिहास शिकू पाहील तर त्याच्या हाती काही लागणार नाही. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहता येते. रक्ताने माखलेले छायाचित्र पाहणाऱ्याला सारे काही सांगून टाकते, आणि अशी शेकडो छायाचित्रे पाहून डोळा निर्ढावतो. स्रेब्रेनित्सा एवढेच लिहिलेला काळा ठसा काहीच सांगत नाही. जुलै १९९५ मध्ये तेथे काय झाले हे ज्याला ठाऊक आहे तो थांबतो. ज्याला ठाऊक नाही त्याला विचारावे लागते. हे चित्र ज्ञानाच्या जागी उभे राहत नाही, ते ज्ञान मागते. म्हणूनच त्याची जागा संग्रहालयापेक्षा वर्गात अधिक आहे, कारण तेथे प्रश्नाला उत्तर द्यायला कोणीतरी असते.

खरी अडचण वेगळी आहे. गोवा, बेळगाव, बडोदे किंवा इंदूरसारख्या ठिकाणच्या मराठी माध्यमाच्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नस्तालिक वाचता येत नाही. झरीना यांच्या चित्रासमोर न्यूयॉर्कचा प्रेक्षक आणि हा विद्यार्थी सारखेच उभे राहतात. दोघांनाही अक्षर हे नक्षीसारखे दिसते. उर्दू वाचणारे कमी होत चालल्याची चिंता झरीना यांना होती, आणि शब्द चित्रात कोरून ठेवण्यामागे तीही एक प्रेरणा होती. पण कोरलेला शब्द वाचणारा उरला नाही तर तो शब्द राहत नाही, शिलालेख होतो.

मात्र शब्द उच्चारून दाखवला की हाच विद्यार्थी न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाच्या पुढे जातो. 'सरहद', 'जमीन', 'दरवाजा' हे शब्द कानावर पडताच त्याला अर्थ सांगावा लागत नाही. डोळ्याने परके असलेले अक्षर कानाने घरचे निघते. इतिहास आणि भाषेच्या शिक्षकांनी मिळून एका तासात हे करून पाहण्यासारखे आहे. 'डिव्हायडिंग लाइन'ची एक प्रतिकृती भिंतीवर लावावी, रॅडक्लिफच्या तारखा सांगाव्यात, मग प्रत्येकाला आपल्या आजीच्या घराचा आराखडा काढायला सांगून खोल्यांची नावे घरातल्याच बोलीत लिहायला सांगावीत. वर्गातल्या किती घरांच्या मागे पोलीस कारवाई, धरण, दंगल किंवा आखाताची नोकरी आहे, हे त्या आराखड्यांतून आपोआप पुढे येईल.

झरीना यांच्या काटकसरीचे प्रयोजन येथे कळते. जो घर सोडून निघतो त्याला फार सामान नेता येत नाही. काय ठेवायचे आणि काय मागे टाकायचे हे त्याला उंबरठ्यावर ठरवावे लागते. त्यांनी एक रेघ, एक आराखडा आणि काही शब्द बरोबर घेतले. एवढ्या सामानातून घर पुन्हा उभे राहील की नाही, हे ते शब्द वाचणारे कोणी उरते की नाही यावर अवलंबून आहे.